चाहत्याचा गेम आणि फुकटपणाची ढाल

गेम बनवायला शिकणारा मुलगा बहुधा आपल्या आवडत्या गेमपासूनच सुरुवात करतो. शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावातही आता हे नवलाचे राहिलेले नाही. निमझरी नाक्याजवळ आर. सी. पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तापीच्या काठाला एनएमआयएमएसचा परिसर आहे. तिथे शिकणाऱ्यांच्या हाती लॅपटॉप आहे, गोडोसारखे इंजिन फुकट मिळते आणि शिकवणारे हजारो व्हिडिओ आहेत. त्यातून कुणी पोकेमॉनचा नवा प्रदेश रचतो, कुणी मारिओला केळीच्या बागेत पळवतो, तर कुणी 'जीटीए'मध्ये आपल्याकडच्या रिक्षा आणि एसट्या आणतो. मग हे मित्रांना दाखवावे, जगाला वाटावे असे वाटणारच. कुणी कायद्याचा प्रश्न काढलाच, तर उत्तर तयार असते: "आम्ही कुठे पैसे घेतो? फुकट तर देतो."

हे उत्तर उथळ आहे. त्याला 'ही सरळ चोरी आहे' असे सुनावणारे प्रत्युत्तरही तितकेच उथळ आहे. माझे म्हणणे असे: आजच्या भारतीय कायद्यात फुकट वाटलेला फॅन गेम बहुतेक वेळा बेकायदेशीरच ठरतो आणि फुकटपणा ही ढाल होऊ शकत नाही. पण तो बेकायदेशीर आहे एवढ्यावरून तो बेकायदेशीर असायलाच हवा, हे सिद्ध होत नाही. आपल्या कायद्याने घरातल्या वापराला जागा दिली, वर्गातल्या वापराला दिली, टीकेलाही दिली. प्रेमाने केलेल्या आणि चारचौघांत ठेवलेल्या नवनिर्मितीला मात्र दिली नाही. ही उणीव भरून काढली पाहिजे.

१. 'फॅन गेम' म्हणजे नेमके काय?

पहिला गोंधळ नावातच आहे. तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो.

पहिल्या प्रकारात मूळ गेमची फक्त कल्पना घेतलेली असते. उड्या मारत नाणी गोळा करणारा नायक, वाढत जाणारी अडचण, शेवटी एक मोठा शत्रू. पात्र, चित्रे, संगीत, कोड सगळे स्वतःचे. इथे कायदा स्वच्छ आहे. 'आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स' या १९७८च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो. हक्क असतो तो त्या कल्पनेच्या विशिष्ट मांडणीवर. दोन्ही कृती पाहणाऱ्याला 'ही तर त्याचीच नक्कल' असे निःसंशय वाटले, तरच उल्लंघन. अर्थात 'कोड माझा आहे' एवढ्याने सुटका होत नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये टेट्रिसच्या मालकांनी झिओ कंपनीविरुद्धचा दावा जिंकला. झिओने कोडची एक ओळही उचलली नव्हती, पण तुकड्यांचे आकार आणि पटाची मापे यांसह सगळे रूप तसेच ठेवले होते.

दुसऱ्या प्रकारात कोड नवा, पण पात्रे, नावे, चित्रशैली, सुरावटी मूळच्या. खरे फॅन गेम बहुतांशी इथे येतात. आपल्या कायद्यात व्हिडिओ गेमची स्वतंत्र व्याख्या नाही. कोड ही साहित्यकृती, चित्रे ही कलाकृती, धून ही संगीतकृती आणि पडद्यावर हलणारे दृश्य चित्रपटाच्या व्याख्येजवळ जाणारे. म्हणजे एका गेमवर चार-पाच हक्क एकावर एक रचलेले असतात आणि कोड नवा लिहून त्यातला एकच टळतो. पात्रांचे म्हणाल, तर आपली न्यायालये त्यांनाही संरक्षण देतात. 'नागराज' या कॉमिक्सच्या नायकावरून राजा पॉकेट बुक्सने 'नागेश'विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात १९९७ मध्ये दाद मिळवली. २०१६ मध्ये 'दबंग'च्या चुलबुल पांडेबाबत मुंबई उच्च न्यायालयाने मनाईहुकूम नाकारला. पण वैशिष्ट्यपूर्ण पात्राला संरक्षण मिळू शकते, हे तत्त्व मान्य केले.

तिसऱ्या प्रकारात मूळ गेमची फाईलच बदलून, मूळ कोड आणि चित्रांसकट, पुढे वाटली जाते. हे पुनरुत्पादनच आहे. याची वकिली मी करणार नाही. इथून पुढे बोलायचे आहे ते दुसऱ्या प्रकाराबद्दल.

२. घरात आणि वर्गात कायदा उदार आहे

कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम १४ नुसार रूपांतर करण्याचा हक्क मूळ निर्मात्याचा. मग घरी बसून पोकेमॉनचा गेम बनवणे हाही गुन्हा का? नाही. कलम ५२ मध्ये उल्लंघन न ठरणाऱ्या कृतींची यादी आहे आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठीचा रास्त व्यवहार हा अपवाद संगणक प्रणाली सोडून सर्व कृतींना लागू आहे. संगणक प्रणालीसाठीही वेगळी सोय आहे: कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून, व्यापारी नसलेल्या वैयक्तिक वापरासाठी प्रत किंवा रूपांतर करता येते. प्रणाली कशी चालते हे अभ्यासण्याचीही मुभा आहे. तेव्हा स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःपुरता केलेला प्रयोग बऱ्याच अंशी सुरक्षित आहे.

वर्गात तर आणखी मोकळीक आहे. शिक्षक किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेले पुनरुत्पादन याच कलमात वगळले आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानावर ऑक्सफर्डसह बड्या प्रकाशकांनी दावा केला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये 'शिकवण्याच्या ओघात' या शब्दांचा अर्थ वर्गातल्या तासापुरता आखडता घेतला नाही. हे तत्त्व शिरपूरच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला लावता येईल, असे मला ठामपणे वाटते. मारिओचे पात्र घेऊन टक्कर कशी ओळखायची, गुरुत्वाकर्षण कसे दाखवायचे हे शिकणारा आणि ते व्हायवाला दाखवणारा विद्यार्थी शिक्षणच घेतो आहे.

३. लिंक टाकली की सगळे बदलते

तोच प्रोजेक्ट निकालानंतर गिटहब किंवा इच.आयओसारख्या संकेतस्थळावर चढला की तो खासगी राहत नाही आणि शिक्षणाचा भागही राहत नाही. प्रती काढून लोकांपर्यंत पोचवणे हा कलम १४ मधला स्वतंत्र हक्क आहे. बनवणे आणि वाटणे यांमधली ही रेषा आपल्या चर्चेत कुठेच दिसत नाही, आणि सगळा घोळ तिथे होतो. 'माझ्याच संगणकावर केले' हे बचावाचे वाक्य अपलोडचे बटण दाबताक्षणी निकामी होते.

'शिरपूरपर्यंत कोण येतो?' असे विचारणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की कुणाला यावेच लागत नाही. कंपनी नोटीस पाठवते ती गेम जिथे ठेवला आहे त्या संकेतस्थळाला, अमेरिकेच्या १९९८च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याखाली. गेम उतरतो. उलट नोटीस देऊन तो परत चढवायची सोय आहे. पण ती देणाऱ्या परदेशी माणसाला अमेरिकेतल्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य असल्याचे लिहून द्यावे लागते. विशीतला कोणता विद्यार्थी त्यावर सही करील? खटला भारतात भरायचा झाला, तरी कलम ६२ नुसार वादी आपल्या राहत्या किंवा धंद्याच्या ठिकाणी तो दाखल करू शकतो. प्रतिवादीने तिथवर जायचे.

४. फुकटपणाने काय बदलते?

कलम ६३ सांगते: जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. त्याला एक परंतुक जोडलेले आहे. उल्लंघन व्यापार-धंद्यातल्या लाभासाठी केलेले नसेल, तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून किमान शिक्षेहून कमी शिक्षा देऊ शकते. हे परंतुकच फुकटवाद्यांना उत्तर आहे. नफा नसताना गुन्हाच होत नसता, तर शिक्षा कमी करण्याची तरतूद कशाला लागली असती? कायद्याने फुकटपणाचा विचार केला, पण तो शिक्षा ठरवताना. दोष ठरवताना नाही.

ट्रेडमार्कचे थोडे वेगळे आहे. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यातले उल्लंघन 'व्यापाराच्या ओघातील' वापराशी जोडलेले आहे. खरोखर फुकट वाटलेल्या, जाहिराती नसलेल्या, देणग्या न मागणाऱ्या गेमला तिथे बाजू मांडायला जागा आहे. मात्र ऐच्छिक देणगीचे बटण लावले की ती जागा आक्रसते.

मला खरी चिंता वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. 'निट प्रो इंटरनॅशनल' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये कलम ६३चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. दखलपात्र म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता पोलीस गुन्हा नोंदवू शकतात आणि वॉरंटशिवाय अटक करू शकतात. नकली पुस्तकांचे गोदाम चालवणारा आणि आपल्या आवडत्या पात्राला नवी गोष्ट देणारा विद्यार्थी, दोघांसाठी दार तेच. परंतुकातली दया निकालाच्या दिवशी मिळेल. अटक पहिल्या दिवशी होऊ शकते. जपानने २०१८ च्या अखेरीस काही कॉपीराइट गुन्ह्यांत मालकाच्या तक्रारीची अट काढली, तेव्हा चाहत्यांच्या रूपांतरित कृती त्या बदलाबाहेर राहतील अशी काळजी घेतली. आपल्याकडे असा भेद करण्याचा विचारही झालेला नाही.

५. मौन म्हणजे परवानगी नव्हे

मग इतके फॅन गेम जगात चालतात कसे? मालक गप्प बसतात म्हणून. खानदेशातल्या शेतकऱ्याला वहिवाट ठाऊक असते: दुसऱ्याच्या बांधावरून वीस वर्षे उघडपणे, अडथळ्याविना, हक्काने गेले की १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने त्या वाटेचा हक्क मिळतो. कॉपीराइटमध्ये अशी वहिवाट नाही. दहा वर्षे गप्प बसलेला मालक अकराव्या वर्षी नोटीस धाडू शकतो.

२०१६चा ऑगस्ट महिना याचे सर्वांत बोलके उदाहरण. अर्जेंटिनातल्या मिल्टन ग्वास्ती यांनी १९९१च्या 'मेट्रॉइड २'चे नवे रूप सुमारे दशकभर खपून तयार केले आणि ६ ऑगस्टला फुकट प्रसिद्ध केले. मूळ गेमची मालक कंपनी निंटेंडो हिच्या नोटिशीनंतर ते लगेच उतरले. त्याच महिन्यात 'पोकेमॉन युरेनियम' आला. त्यामागे नऊ वर्षांची मेहनत होती आणि बनवणाऱ्यांच्या सांगण्यानुसार तो १५ लाख वेळा उतरवून घेतला गेला. कंपनीच्या वकिलांच्या नोटिसा सुटल्या आणि बनवणाऱ्यांनी स्वतःच लिंक काढल्या. पुढच्याच वर्षी निंटेंडोने 'मेट्रॉइड २'चे स्वतःचे नवे रूप बाजारात आणले. कंपनी कायद्याने बरोबर होती. पण नऊ-दहा वर्षांचे काम काही दिवसांत पुसले जावे, हे सांस्कृतिक नुकसान नाही असे म्हणायला मी तयार नाही.

याच्या उलट वागणारेही आहेत. 'हाफ-लाइफ'वर दोन चाहत्यांनी १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' उभारले. 'हाफ-लाइफ'ची मालक कंपनी व्हॉल्व्ह हिने ते विकत घेऊन त्यांना सोबत घेतले. पुढे 'हाफ-लाइफ'चेच चाहत्यांनी केलेले पुनर्निर्माण, 'ब्लॅक मेसा', विकण्याचीही मुभा तिने दिली. सेगाने 'सॉनिक'च्या चाहत्यांतून पुढे आलेल्या ख्रिश्चन व्हाइटहेड यांच्या हाती 'सॉनिक मेनिया' सोपवला आणि २०१७ मध्ये तो अधिकृत गेम म्हणून आला. मात्र व्हॉल्व्हनेच जानेवारी २०२४ मध्ये 'पोर्टल ६४' हा चाहत्याचा प्रकल्प थांबवायला सांगितला, कारण त्यात निंटेंडोची सॉफ्टवेअर साधने वापरलेली होती. उदार मालकाचे औदार्यही त्याच्या सोयीपुरते असते.

६. एकाच 'शोले'च्या दोन वाटा

हा प्रश्न आपल्याला परका नाही. शिरपूरहून मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे ओलांडून सुमारे शंभर किलोमीटरवर मालेगाव लागते. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' बनवला. यंत्रमागांच्या गावातली साधी माणसे नट झाली, भाषा आणि विनोद गावचा झाला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला. त्याच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये चित्रपटगृहांत लागला. ज्या सिनेसृष्टीचे चित्रपट नासिरभाई उसने घेत होते, तिनेच त्यांच्यावर चित्रपट काढला. साधने नसलेल्या गावाने कला शिकण्याची ही वाट होती, आणि हातात कॅमेऱ्याऐवजी गेम इंजिन असलेली शिरपूरची पिढी याच वाटेवर आहे.

त्याच 'शोले'ची दुसरी हकिकत मुंबईतली. 'राम गोपाल वर्मा की आग' हा २००७चा व्यावसायिक चित्रपट. शोलेच्या हक्कदारांनी दावा केला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये १० लाख रुपयांची दंडात्मक भरपाई ठोठावली. हा निकाल मला योग्य वाटतो: मोठे भांडवल, मोठा बाजार, आणि परवानगी न घेता मूळ पात्रांवर उभारलेला धंदा. मालेगाव आणि ही 'आग' यांत फरक आहे हे कुठल्याही सामान्य माणसाला कळते. कायद्याच्या मजकुराला तो कळत नाही, हीच माझी तक्रार आहे.

आणि कायद्याला भेद करता येत नाही असे नाही. टीकेसाठी त्याने तो केला आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, एका जुन्या नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या सिविक चंद्रन यांच्या प्रतिनाटकाला रास्त व्यवहाराचे संरक्षण दिले. जुन्या नाटकातले बरेच काही घेऊनही प्रतिनाटकाचा हेतू त्या नाटकावर टीका करणे हा होता. अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'पासून विडंबनाची परंपरा मिरवणाऱ्या मराठी वाचकाला हे पटेल. पण याचा परिणाम पाहा. मूळ कृतीची टर उडवणाऱ्याला आसरा आहे. तिच्यावर जीव लावून तिला पुढे नेणाऱ्याला नाही. फॅन गेम बहुधा टीका नसतो, तो ऋण मान्य करणारा असतो. त्यामुळेच तो उघड्यावर पडतो. हे तर्काला धरून नाही.

७. आक्षेप

पहिला आक्षेप कष्टाचा: ज्याने पात्र जन्माला घातले, त्याच्या श्रमावर इतरांनी का उभे राहावे? आक्षेप खरा आहे, म्हणून मी सरसकट मोकळीक मागत नाही. मूळ कोड, मूळ चित्रे, मूळ ध्वनिमुद्रण उचलणे बंदच राहावे. पण पात्र लोकांच्या मनात वस्ती करून बसले की त्याभोवती लोक गोष्टी रचणारच, आणि त्या गोष्टींनी मूळ गेमची विक्री बुडते हे गृहीत धरता येत नाही. ते दाखवून देण्याची जबाबदारी मालकावर टाकता येते.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. सूट दिली, तर उद्या आपल्याच छोट्या निर्मात्यांना फटका बसेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा गेम २०२० मध्ये आणला. त्यातल्या नायिकेला कुणीही उचलून वाटेल तसे वापरले तर? म्हणूनच सूट व्यक्तीला हवी, कंपनीला नको. विनामोबदला कामाला हवी, जाहिरातीच्या उत्पन्नाला नको. शिवाय कलम ५७ चे लेखकाचे विशेष हक्क, म्हणजे नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला धक्का देणाऱ्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क, जसेच्या तसे राहावेत.

'नवी पात्रे बनवा ना, कोण अडवतो?' हा तिसरा आक्षेप. सल्ला चांगला आहे, पण नवे पात्र बनवण्याची ताकद जुन्याशी झटूनच येते.

८. काय मागायचे?

ही कल्पना हवेतली नाही. कॅनडाने २०१२ मध्ये, म्हणजे आपण आपला कायदा दुरुस्त केला त्याच वर्षी, एक अपवाद घातला. एखाद्या व्यक्तीने प्रसिद्ध कृती वापरून नवी कृती केली आणि ती व्यापारी हेतूशिवाय वाटली, तर ते उल्लंघन नाही. अटी अशा: शक्य तिथे मूळ कृतीचा उल्लेख करावा, वापरलेली प्रत वैध असल्याची रास्त खात्री असावी आणि मूळ कृतीच्या बाजारावर मोठा प्रतिकूल परिणाम होऊ नये. आपल्या कलम ५२ मध्ये असाच एक खंड यावा, आणि 'मूळ कोड व मूळ फाईली वापरलेल्या नाहीत' ही अट त्यात वाढवावी. दुसरी दुरुस्ती कलम ६३ मध्ये: लाभाशिवाय केलेल्या उल्लंघनाला तुरुंगवास नको आणि वॉरंटशिवाय अटकही नको. भरपाईचा दिवाणी मार्ग मालकाला खुला आहेच.

मालकांकडूनही काही मागता येते. 'तोहो' या जपानी गेममालिकेच्या निर्मात्याने चाहत्यांनी काय करावे आणि काय करू नये याचे नियम जाहीर केले आहेत; त्यांच्या आधारे चाहत्यांनी केलेल्या गेमचे मोठे विश्व उभे राहिले. भारतीय स्टुडिओंनी असे एक पान आपल्या संकेतस्थळावर लावायला कायदा बदलण्याची वाट पाहायची गरज नाही.

९. तोपर्यंत

दुरुस्ती होईपर्यंत शिरपूरच्या विद्यार्थ्याने स्वतःला धोक्यात घालू नये. मालकाचे धोरण शोधा. नसेल तर लेखी परवानगी मागा आणि उत्तर जपून ठेवा. उत्तर आले नाही, तर तो नकार समजा. दाखवण्यासाठी व्हायवा पुरे. गिटहबवर टाकताना पात्र, नाव आणि सुरावट बदला, कोड तुमचाच आहे. प्रोजेक्टच्या अहवालात 'कोणती चित्रे, कोणते संगीत, कुणाच्या परवानगीने' असे एक पान महाविद्यालयांनी सक्तीचे करावे. पुढे नोकरीत हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला जाणार आहे.

आणि ज्याला परवानगी मागायचीच नाही, त्याच्यासाठी खानदेशातच भांडार उघडे आहे. अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. मृत्यूनंतरची ६० वर्षे संपून त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सार्वजनिक मालकीचे झाले. खानदेशातल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या बहिणाबाई चौधरींच्या कविता त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये प्रथम छापल्या गेल्या. मरणोत्तर छापलेल्या कृतींची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात, त्यामुळे त्या कवितांवरचा स्वामित्वहक्क २०१२ च्या अखेरीस संपला. या दोघांच्या शब्दांवर गेम बनवायला, तो फुकट वाटायला किंवा विकायलाही आज कुणाची परवानगी लागत नाही.